ताबा सुटल्याने

आयुष्यात मी एकदाच पंच झालो. क्रिकेटचा नव्हे, पंचनाम्याचा.

१९९७ चा फेब्रुवारी. तेव्हा मी दिंडोरी तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो आणि राहायचो नाशकात, पंचवटीत. सकाळी लवकर स्कूटर काढायची. म्हसरूळ मागे पडलं की थंडी कानांत शिरायची आणि थोड्याच वेळात दोन्ही अंगांना द्राक्षबागा सुरू व्हायच्या. त्या दिवशी एका वळणावर गर्दी दिसली. ४०७ टेम्पो वळणाच्या बाहेरच्या अंगाला, चारीत आडवा झालेला. द्राक्षांच्या पेट्या पार शेतात उडाल्या होत्या, फुटल्या होत्या, आणि त्या गार हवेत द्राक्षांच्या रसाचा न् डिझेलचा असा एक मिसळलेला वास होता, की पुढे कित्येक वर्षं हंगामात बागेजवळून जाताना मला डिझेलचा भास व्हायचा. टेम्पोवरचा क्लीनर, सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, जागेवरच गेला होता. ड्रायव्हर बांधावर बसला होता. कपाळाला कुणाचा तरी रुमाल बांधलेला.

हवालदार पंच शोधत होते. आसपासचे शेतकरी हळूहळू पांगायला लागले होते. पंच होणं म्हणजे पुढे कोर्टाची पायरी चढणं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं. शर्ट खोचलेला, डब्याची पिशवी लावलेला मास्तर आयताच सापडला.

"सर, दोनच मिनिटं. सुशिक्षित माणूस पाहिजे."

सुशिक्षित म्हटल्यावर कोण विरघळत नाही? हवालदारांकडे टेप नव्हता. त्यांनी पावलांनी अंतरं मोजली, मी मागोमाग चाललो. डांबराच्या कडेपासून टेम्पो अमुक पावलं, मागचं चाक तमुक दिशेला, कार्बन घालून दोन प्रती. पंचनाम्यात खरं तर डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं असतं. पण हाताला वळण पडलेलं असतं. शेवटी ते वाक्य आलंच: भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून, ताबा सुटल्याने. ड्रायव्हर बांधावरून ऐकत होता. तो हवालदारांना काही म्हणाला नाही, मला म्हणाला, "सर, म्या येगात नव्हतो हो. गाडी आपसूकच बाहीर बाहीर गेली."

"गाडी आपसूक जाती का रे?" हवालदार म्हणाले.

मलाही ते पटलं. गाडी आपसूक कशी जाईल? मी सही केली, घड्याळ बघितलं आणि लेक्चर गाठलं. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती.

चार वर्षांनी समन्स आलं. कोर्टात मला दोनच प्रश्न विचारले. ही सही तुमची? हो. मजकूर वाचून, समजून सही केलीत? हो. ड्रायव्हर पलीकडे उभा होता. त्याने मला ओळखलं, मान हलवली, अगदी लग्नात भेटल्यासारखी. मी बाहेर आलो आणि एस.टी. पकडली.

मधल्या काळात एक गोष्ट झाली होती, जिच्यामुळे तो दुसरा "हो" माझ्या घशात अडकला होता. ती गोष्ट म्हणजे माझे काका.

काका ओझरला एच.ए.एल.मध्ये होते. मिग बनवणाऱ्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला. आमच्या घराण्यात त्यांना सगळे थोडे टरकून असायचे, कारण हा माणूस लग्नाच्या पंगतीतही खुर्चीचे पाय हलवून बघून मगच बसायचा. खिशात कायम एक भिंग. पंचनाम्यानंतरच्याच रविवारी ते घरी आले तेव्हा मी मोठ्या रुबाबात सगळी हकिगत सांगितली. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारायला सुरुवात केली. टेम्पो वळणाच्या आत पडला की बाहेर? बाहेर. पेट्या किती थर उंच रचल्या होत्या? माहीत नाही. रस्त्यावर टायर घासल्याची खूण होती का? बघितलं नाही. मागचे टायर गुळगुळीत होते का? हेडलाइट चालू होते का? ड्रायव्हर किती वाजता उठला होता, की झोपलाच नव्हता?

"काका, सकाळी सातला काय बघणार हेडलाइट?"

"बल्ब फुटला असेल तर तार बघायची. तापलेली तार धक्क्याने ताणली जाते, लोंबते. गार असेल तर कट्कन तुटते. काच फुटताना तार पेटलेली असेल, तर ती हवेने करपते. त्या पोराच्या गाडीला दिवे होते की नव्हते, हे मेलेला दिवा सांगतो." मग थोडं थांबून, "तू सही केलीस ना पाहिलं म्हणून? मग पाहिलंस काय?"

मी गप्प. फिजिक्सचा मास्तर, आणि मी पावलं मोजणाऱ्या माणसाच्या मागे पावलं टाकत फिरलो होतो. टायर घासल्याची खूण असती तर पाढे म्हणावेत तसं मला उत्तर काढता आलं असतं. कोरड्या डांबरावर २० मीटर लांब घसरल्याची खूण असेल, तर चाकं जाम झाली त्या क्षणी वेग ताशी निदान ६० किलोमीटरच्या आसपास असणार. दोन गुणिले घर्षणांक गुणिले जी गुणिले अंतर, त्याचं वर्गमूळ. अकरावीचं पोरगंही काढेल. "भरधाव" या शब्दाला आकडा असू शकतो, हे मला वर्गात ठाऊक होतं आणि रस्त्यावर नव्हतं.

काकांचा आवडता धडा तुटलेल्या लोखंडाचा. एकदा मामांच्या बागेतल्या विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट तुटला. मामा मेकॅनिकला शिव्या देत होते, कारण आदल्याच दिवशी त्याने पंप उघडला होता. काकांनी तुटलेलं तोंड रॉकेलने पुसलं, उन्हात धरलं, भिंग माझ्या हातात दिलं. एका कडेपासून बारीक बारीक कमानी निघाल्या होत्या, गोदेचं पाणी उतरताना वाळूत रेघा सोडत जातं तशा. "ही कड बघ. इथं ओरखडा आहे. भेग इथून निघाली आणि मुक्काम करत करत आत गेली. एकेक रेघ म्हणजे एकेक मुक्काम. आणि हा पलीकडचा खडबडीत तुकडा दिसतोय ना, तेवढाच फक्त काल तुटलाय." म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश शाफ्ट आधीच गेलेला होता, आणि उरलेल्या पाव भागावर बाग पाणी पीत होती. मेकॅनिक बिचारा सुटला. मामांना हे काही फारसं रुचलं नाही. शिव्या द्यायला माणूस असणं सोयीचं असतं.

याच शाफ्टवरून काका अमेरिकेत पोचायचे. १९ जुलै १९८९. डीसी-१० जातीचं प्रवासी विमान. शेपटीतल्या इंजिनाची मोठी चकती हवेत फुटली आणि तिच्या तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा कापून काढल्या. वैमानिकांच्या हातात सुकाणूच उरलं नाही. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत त्यांनी ते आयोवा राज्यातल्या सू सिटीपर्यंत आणलं आणि धावपट्टीवर आपटवलं. २९६ पैकी ११२ माणसं गेली, १८४ वाचली. पण खरी गोष्ट पुढे आहे, काका म्हणायचे. ती फुटलेली चकती सापडेना. खाली मैलोन्‌मैल मका. ऑक्टोबरात कापणी सुरू झाली आणि एका शेतकरी बाईच्या यंत्राला मक्यात काहीतरी अडकलं. तीन महिने चकती तिथे पडून होती. तिच्या तुटलेल्या तोंडावर त्याच कमानी. भेगेचं मूळ कुठे, तर सतरा-अठरा वर्षांपूर्वी ते टायटॅनियम वितळवून ओतताना राहून गेलेल्या एका बारीक दोषात. तपासणीत भेग दिसायला हवी होती, ती नजरेतून सुटली होती. नंतर टायटॅनियम वितळवण्याच्या पद्धतीपासून चकत्या तपासण्याच्या वेळापत्रकापर्यंत कितीतरी गोष्टी बदलल्या.

४ जून २०२४ ला निफाड तालुक्यात शिरसगावच्या शिवारात सुखोई पडलं, तेव्हा मला पहिल्यांदा ती मक्याची शेतकरीण आठवली. लोकसभेच्या निकालाचा दिवस होता, सगळा देश टीव्हीवर आकडे मोजत होता, आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर शेतातल्या धुराचे व्हिडिओ. दोन्ही वैमानिक आधीच बाहेर उडी घेऊन वाचले होते. काका आता पंच्याऐंशीच्या घरात. फोन केला तर म्हणाले, "वाचले ना? उत्तम. आता सांगायला माणसं आहेत. लोकांना म्हणावं तुकडे उचलून घरी नेऊ नका." तुकडा कुठे पडला, यालाच अर्थ असतो. आधी सुटलेला भाग आधी पडतो, म्हणून पसाऱ्याचा नकाशा हाच घटनाक्रम असतो. तुकडा उचलला की वाक्यातला एक शब्द गेला.

पण मी १९९७ च्या त्या रविवारी होतो. त्याच्या तीनच महिने आधी, १२ नोव्हेंबर १९९६ ला, हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली होती. सौदीचं ७४७ दिल्लीहून वर चढत होतं, कझाकस्तानचं इल्यूशिन उतरत होतं. ३४९ माणसं, दोन्ही विमानांतलं कुणीही वाचलं नाही. एकाला १४ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, दुसऱ्याला १५ हजार. कझाक विमान १५ हजारांच्या खाली आलं. मी काकांना म्हटलं, "तिथे काय शोधायचं? पायलट चुकला."

"चुकला. खरंय." काका म्हणाले. "आता मला सांग, एक हजार फूट सोडून दुसरं काय होतं मध्ये?"

काहीच नव्हतं. येणारी आणि जाणारी विमानं एकाच मार्गिकेतून, समोरासमोर. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. विमानांत एकमेकांना ओरडून सांगणारं यंत्र नव्हतं. एका माणसाने आकडा ऐकण्यात, समजण्यात, पाळण्यात चूक करायची नाही, या एकाच खुंटीवर साडेतीनशे जीव टांगलेले. चौकशीनंतर येण्याजाण्याच्या मार्गिका वेगळ्या झाल्या आणि भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. मेलेल्या वैमानिकाला दोष देऊन यातलं काहीही झालं नसतं.

विमानअपघाताच्या तपासाचा आंतरराष्ट्रीय नियम, ज्याला ती मंडळी नुसतं "अ‍ॅनेक्स थर्टीन" म्हणतात, तो स्वच्छ सांगतो की तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही. आपल्याकडचे २०१७ चे नियमही हेच म्हणतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे जरा साधुसंतांचं वाटलं. अजूनही पूर्ण पचत नाही. दारू पिऊन स्टिअरिंगवर बसणाऱ्याला मी साखळीतली एक कडी म्हणून सोडायला तयार नाही, त्याला कोर्ट आहे आणि असावंच. पण काकांचं म्हणणं वेगळं होतं. शिक्षा करणारा आणि कारण शोधणारा एकच माणूस असला, की समोरचा तोंड उघडत नाही. ज्याला तुरुंग दिसतोय तो सांगेल का, की रात्री दोनला मला डुलकी लागली होती?

डुलकीवरून मंगळूर आठवतं. २२ मे २०१०, दुबईहून आलेलं विमान पहाटे धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. कॉकपिटमधलं बोलणं टिपणाऱ्या यंत्रात शब्द फार कमी होते. बराच वेळ कॅप्टनचं घोरणं होतं. तो दीडेक तास झोपला होता आणि उठून त्या गुंगीतच उतरवायला बसला. घोरण्यालाही पुरावा मानून त्यावर पानंच्या पानं लिहिणारी माणसं असतात, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. आमच्या पंचनाम्यात झोपेचा रकानाच नव्हता.

रेल्वेची तऱ्हा आणखी निराळी. ३ एप्रिल २०२२ ला, रविवारी दुपारी, लहवित आणि देवळालीच्या मध्ये पवन एक्स्प्रेस घसरली. आमच्या गल्लीतले दोघे गाड्या काढून बघायला गेले होते, म्हणजे नाशिककराला गर्दी करायला कुंभमेळाच लागतो असं नाही. अशा अपघातानंतर पेपरात एक छोटी सूचना येते, जी फारसं कुणी वाचत नाही: रेल्वे सुरक्षा आयुक्त अमुक तारखेला चौकशी करणार आहेत, ज्यांना प्रत्यक्ष माहिती असेल त्यांनी येऊन सांगावी. कोणीही. डब्यातला प्रवासी, शेतातला गुराखी. आणि हे आयुक्त रेल्वेच्या हाताखाली नसतात. १९४१ मध्येच त्यांना रेल्वे बोर्डापासून तोडलं गेलं, आणि आज ते चक्क विमान वाहतूक मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत. ऐकायला विनोदी वाटतं, पण ज्याचा माल त्यानेच तपासू नये हे आमच्या काकांना कुणी सांगावं लागलं नसतं. एच.ए.एल.मध्येही बनवणारा वेगळा, शिक्का मारणारा वेगळा.

या आयुक्तांच्या कामातलं माझ्या मनात रुतून बसलेलं उदाहरण बालासोरचं आहे. २ जून २०२३, ओडिशात बहानगा बाजार स्टेशन. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा सिग्नल हिरवा होता, पण रूळ बदलणारा सांधा वळलेला होता बाजूच्या लूप लाइनकडे, आणि लूपवर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी. गाडीचा वेग ताशी सव्वाशेच्या पुढे. २९० च्या वर माणसं गेली. पहिल्या दोन दिवसांत काय काय ऐकलं आपण! घातपात, ड्रायव्हर, स्टेशन मास्तर. चौकशी एका लोखंडी पेटीपाशी येऊन थांबली. रुळालगतच्या पेटीतल्या वायरींवरची चिठ्ठी एक सांगत होती आणि वायर दुसरंच काम करत होती. २०१८ च्या सुमारास जोडणीत बदल केला, पण कागदावर आणि चिठ्ठीवर तो नीट उतरला नाही. पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं. त्या दिवशी फाटकाच्या कामासाठी कुणीतरी चिठ्ठीवर विश्वास ठेवून वायर हलवली, आणि सांधा मेन लाइनकडे नसताना सिग्नलला तो तिकडेच आहे असं वाटलं. पंपाच्या शाफ्टसारखंच. तुटणं बरंच आधी सुरू झालं होतं.

त्याहून बोचणारी गोष्ट त्याच अहवालात आहे. वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, त्याच रेल्वेच्या खरगपूर विभागात चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार झाला होता. कुणी मेलं नाही म्हणून तो बातमी झाला नाही. तेव्हा त्यातून धडा घेऊन वायरिंग तपासलं असतं तर बालासोर घडलं नसतं, असं आयुक्तांनी लिहिलंय. न झालेला अपघात वाचता येणं, ही या विद्येतली सगळ्यात अवघड पायरी असावी.

आणि मग आपला रस्ता. विमानाला तपास संस्था आहे, रेल्वेला आयुक्त आहेत. रस्त्यावर २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा एक हवालदार, दोन पंच आणि ते एक वाक्य.

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिककर विसरणार नाहीत. यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर बस औरंगाबाद रोडवर मिरची हॉटेलच्या चौकात ट्रकवर आदळली आणि पेटली. १२ माणसं गेली. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, सकाळी फिरायला जाणाऱ्यांत त्या दिवशी दुसरा विषय नव्हता, आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: चूक कुणाची? बसवाल्याची की ट्रकवाल्याची? काकांची शिकवण अशी की इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. धडक का झाली, हा एक. आणि धडक झाल्यावर माणसं का मेली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चौकात असेल, वेगात असेल, पहाटे पाचच्या डोळ्यांत असेल; माणसाचं शरीर दोन ते सहाच्या दरम्यान सर्वांत ढिलं असतं, हे रातपाळी करणारा अंबडचा कोणताही कामगार सांगेल. दुसऱ्याचं उत्तर बसच्या आत आहे. दार किती, ते कुठे, वरच्या बर्थवरून अंधारात उतरायला किती वेळ, गाद्यांचं आणि पडद्यांचं कापड कशाचं. धडक कदाचित टळली नसती. आग पसरायला चार मिनिटं जास्त लागली असती तरी किती फरक पडला असता!

२८ जानेवारी २०२० ला देवळा तालुक्यात मेशीजवळ एस.टी. आणि रिक्षाची टक्कर झाली आणि दोन्ही गाड्या रस्त्याकडेच्या विहिरीत गेल्या. पंचविसाहून जास्त माणसं गेली. टक्करीने किती, विहिरीने किती? आपल्या जिल्ह्यात रस्त्याला खेटून विहिरी पैशाला पासरी. आधी विहीर, मग बैलगाडीची वाट, मग सडक, मग रुंद सडक; सडक रुंद होत होत विहिरीच्या काठाला जाऊन भिडते आणि कठडा बांधायचं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. विल्यम हॅडन नावाचा एक अमेरिकन डॉक्टर होता, त्या देशाच्या रस्ता सुरक्षेचा पहिला प्रमुख. त्याने अपघाताचे तीन काळ पाडले: आदळण्याआधी, आदळताना, आदळल्यानंतर. आणि प्रत्येक काळात माणूस, गाडी आणि भोवताल असं वेगवेगळं बघायचं. हॅडनच्या तक्त्यात विहिरीला घर आहे. "ताबा सुटल्याने" या वाक्यात विहीर मावतच नाही.

अगदीच काही होत नाही असं नाही. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले, की राष्ट्रीय महामार्गावर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. पोलिसांच्या मोबाइलमध्ये आता अपघाताची नोंद करायचं अ‍ॅप आहे, त्यात जागा नकाशावर टोचली जाते, फोटो जातात. महाराष्ट्र त्यातल्या पहिल्या सहा राज्यांत होता. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ पासून एकेक अपघात उकलून पाहिला गेला, कुठे नुसता उभा ट्रक मारतोय, कुठे दुभाजकाचं टोकच मारतंय हे कळत गेलं, आणि त्या वर्षी १५१ असलेले मृत्यू चार-पाच वर्षांत निम्म्याच्या खाली आले. पावलांनी मोजणाऱ्या माझ्या हवालदारांना हे अ‍ॅप बघायला मिळायला हवं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या हातात तेवढंच वाक्य दिलेलं होतं.

२०१९ च्या जुलैत मी वणीला एका लग्नाची बोलणी करायला चाललो होतो. गाडी भाचा चालवत होता. त्याच वळणावर पावसाने गाठलं, समोरचं दिसेना, म्हणून टपरीशी थांबलो. पत्र्याखाली उभं राहून चहा पीत होतो. समोर रस्त्यावरून पाणी वाहत होतं. मी नुसताच बघत होतो, जसं पावसाकडे बघतात. आणि मग माझा हात थांबला.

वळणाच्या आतल्या कडेकडून पाणी बाहेरच्या कडेकडे चाललं होतं. सगळ्या रुंदीभर, एकसारखं, सुंदर पातळ पदर पसरत. चारीकडे.

बारावीला "बँकिंग ऑफ रोड्स" नावाचा हमखास तीन मार्कांचा प्रश्न असतो. वळणावर बाहेरची कड उंच ठेवतात, म्हणजे रस्ताच गाडीला आत ढकलतो. वेग बरोबर वर्गमूळात आर जी टॅन थीटा. मी तो तीसेक वर्षं फळ्यावर काढला, आकृतीसकट, थीटाला गोल करून. १९९७ च्या जानेवारीतही काढला होता. आणि रोज सकाळी त्या वळणावरून स्कूटर झुकवत गेलो होतो. दुचाकीवर आपण स्वतःच झुकतो, त्यामुळे खालचा रस्ता कुठे झुकलाय हे ढुंगणाला कळत नाही. उंच रचलेल्या पेट्यांच्या टेम्पोला कळतं. तो बाहीर बाहीर जातो, आपसूक.

भाचा म्हणाला, "मामा, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. मधल्या बावीस वर्षांत त्या रस्त्यावर डांबराचे किती थर चढले असतील. तेव्हाचा उतार असाच होता, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, आणि शपथेवर एकदा मी बरंच सांगून बसलेलो आहे. पेट्याही उंच असतील. ड्रायव्हर रात्रभर झोपलेलाही नसेल, मार्केट गाठायचं म्हणून. कदाचित वेगही असेल.

टपरीवाल्याला विचारलं, इथे गाड्या पडतात का?

"पडत्यात की. पावसाळ्यात एखादी, द्राक्षाच्या टायमाला एखादी."

"तुम्ही कधीपासून आहात इथे?"

"धा-बारा वर्सं झाली." त्याने फडक्याने फळी पुसली आणि रस्त्यापलीकडे, चारीच्या अंगाला हनुवटीने दाखवलं. "आधी टपरी तिकडं होती. गिऱ्हाईक तिकडं जास्ती थांबायचं, सावली होती ना. दोनदा गाडी आली आतमंदी. मंग उचलली न् हिकडं आनली. हिकडं नाय येत."

भाच्याने पैसे दिले. मी अजून एक चहा सांगितला.